तुम्ही विचारलंत म्हणून: आज्जीला परवडायचं कसं?

पुण्यातल्या एखाद्या लग्नात, बेळगावच्या स्टँडवर, कधी रात्रीच्या गाडीत कोणीतरी साठी-सत्तरीचं माणूस मला गाव विचारतं. बेळगाव-खानापूर वाटेवरचं, म्हणून सांगतो. मग घर कुठलं ते विचारतं. चिंचेजवळचं म्हटलं की पुढचं ठरलेलं: "म्हणजे तुम्ही त्या म्हातारीचे नातू? तुमच्या आज्जीच्या हातचं खाल्लंय हो मी!" कुणाला मसुरीची आमटी आठवते, कुणाला उन्हाळ्यातलं ताक. आणि उठता उठता प्रश्न येतोच, "जमीन ती केवढी, अडीच एकर. एवढ्यांना घालायला त्यांना परवडायचं कसं?"

मी "देवच द्यायचा" म्हणून सुटतो. माणूस खूश होऊन जातं. पण ते खरं नाही. सगळं देवाच्या खात्यावर जमा केलं की माझ्या आईचं नाव हिशेबातून पुसलं जातं, आणि आईची मनगटं आता रोज रात्री दुखतात. म्हणून एकदा नीट सांगतो. परवडत नव्हतं. आज्जी मोजायची, म्हणून निभायचं.

तिला जन्मतारीख ठाऊक नव्हती. "गांधी बेळगावला आलता तवा मी पाळण्यात हुते," एवढंच सांगायची. गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावात भरलं ते डिसेंबर १९२४ मध्ये, त्यावरून आम्ही तिचं वय धरायचो. मुंबई इलाख्यात जन्मली, तिथंच लग्न झालं, १९६१ साली विधवा झाली तेव्हा म्हैसूर राज्य होतं, म्हातारी झाली ती कर्नाटकात. घर तेच, चूल तीच. मी कॉलेजात असताना हे सगळं तिला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "व्हय? मला कुणी सांगिटलं न्हाई."

आमच्या माजघरात भाताची कणगी होती. (आमच्याकडं भात म्हणजे आधी सालासकटचा, मग शिजलेला; पुण्याच्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं.) कणगीशेजारी लोखंडी पट्टी मारलेलं लाकडी मापटं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शाळेतल्या पाढ्यांच्या आधी मी हे पाठ केलं, कारण मोजताना ती मला समोर बसवायची. दुकानातून आणायचं ते किलोनं, घरातून द्यायचं ते मापट्यानं. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. मी चुकून 'एक' म्हटलं तर ओतलेलं परत कणगीत टाकून पुन्हा सुरुवात.

त्या एकाच मापट्याच्या दोन रीती होत्या. उसनं द्यायचं असेल तर भरून वरून तळहात फिरवायचा, काठाबरोबर सपाट. परत घेतानाही सपाट. आणि देऊन टाकायचं असेल, खळ्यावर असो, दारातल्या जोगत्याला असो की कुणाच्या बाळंतिणीला, तर वर शीग. इतकी शीग, की उचलताना चार दाणे सांडलेच पाहिजेत. दोन्ही तांदूळच, मग असं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "उसन्याला शीग घातली तर त्यास्नी फेडताना जड जातंय की."

हे मला समजायला बरीच वर्षं गेली. स्वतःवर कर्ज चढल्यावरच समजलं म्हणा ना.

उसन्याचा हिशेब चुलीमागच्या कोनाड्यात असायचा. तिला अक्षरओळख नव्हती, मराठीही नाही, कानडीही नाही. कोनाड्यात प्रत्येक घराची जागा ठरलेली, डावीकडून गल्लीच्या क्रमानं. एक मापटं गेलं की एक चिंचोका. चिपटं गेलं की फोडलेला अर्धा. अंगणात झाडाखाली हजार चिंचोके पडलेले असत, पण कोनाड्यातल्यांना हात लावला तर पाठीत धपाटा. दिलेल्याचा मात्र चिंचोका नसे. दिलेल्याची कुठंच खूण नसे, म्हणून तर आज मला कोणी आगगाडीत भेटून सांगितल्याशिवाय ते कळत नाही.

यामुळे गावात तिच्याबद्दल दोन मतं होती. बाहेरच्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. पलीकडच्या काकूंनी वाटीभर साखर नेली आणि आठ दिवसांत आणली नाही, तर आज्जी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती उभी. "चिकट म्हातारी," असं त्या मागून म्हणायच्या, आणि तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायच्या. त्याच काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आज्जीनं डिंक, खोबरं, अळीव बाजारातून आणून, लाडू वळून, डबा भरून पोचवला. डबा रिकामा परत आला. रिकामं भांडं परत पाठवू नये अशी आमच्याकडची रीत. चिमूटभर साखर का होईना, घालायची. आज्जी त्यावर चार दिवस धुमसत होती. लाडवांचं तिला काही नव्हतं, रिकाम्या डब्याचं होतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे आणायची कुठून.

अडीच एकरांपैकी अर्धा एकर काळ्या रानात होता. शहापूर, वडगाव, यळ्ळूरच्या बाजूची काळी जमीन बासमतीसाठी नावाजलेली. बेळगाव बासमती म्हणतात तो हाच, दाणा बारीक आणि वास असा की एका घरात शिजला तर चौथ्या घरात कळतं. आमच्या तुकड्यात तो यायचा. भात कापून झालं की त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा. उरलेल्या रानात जाडं भात, बहुतेक इंटाण. बासमती आमच्या घरात शिजायची नाही. ती बेळगावच्या रविवार पेठेत जायची, कारण वर्षाचं मीठ-मिरची, कपडा, शाळेची पुस्तकं तिच्यावर. घरात खायला इंटाण.

पण एक डालडाचा डबा होता, त्यात दोन-तीन शेर बासमती ती बाजूला काढून ठेवायची. पाहुणा आला की जाड्या तांदळाच्या तपेल्यात एक मूठ बासमती टाकायची. एकच मूठ, माणसं चार असोत की चौदा. सगळ्या घराला वास सुटायचा. पाहुणा ओसरीवरच म्हणायचा, "आज बासमती दिसतीया!" आज्जी काही बोलायची नाही, वाढायची. तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना आमच्या घरचा बासमती भात आठवतो, त्यांनी इंटाणच खाल्लाय. माफ करा. हे सांगायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं.

दुधाचंही तसंच. एक म्हैस. दूध शहरात रतिबाला जायचं, त्यातला अर्धा शेर घरात. पण विरजणाचं ताक विकायचं नाही म्हणजे नाही. चैत्र-वैशाखात सकाळी अंगणात तांबे घेऊन पोरांची रांग. ताकाला मोजमाप नव्हतं. कमी पडलं तर पाणी. शेवटच्या पोराला मिळायचं ते पांढरट पाणीच असायचं, पण त्यात तिनं वाटलेली मिरची, मीठ आणि कोथिंबीर जास्त पडायची, त्यामुळे काही हुशार पोरं मुद्दाम शेवटी येत. मी त्यांतला एक.

द्यायचं काय यावर तिचा फार कटाक्ष होता. सुगीला पूर्वेकडून माणसं यायची, अथणी-रायबागच्या बाजूची, भातकापणीला. आपला जिल्हा तसा गमतीचा. कणकुंबीकडं पाऊस थांबत नाही आणि अथणीकडं ढग फिरकत नाही. ती माणसं जोंधळा खाऊन वाढलेली. त्यांना दुपारी भात वाढला तर मुकाट्यानं खायची आणि तासाभरात पोटाला हात लावून बांधावर बसायची. शेजारचे म्हणायचे, कामचुकार. आज्जी म्हणाली, "भातानं त्यांचं पोट भरत न्हाई, भाकरी पायजे." आमच्या रानात जोंधळा होत नव्हता. तिनं बासमतीच्या पैशातून एक पोतं जोंधळा विकत आणला, फक्त त्या पंधरा दिवसांसाठी. घरच्यांना भात, मजुरांना भाकरी. बायकांना हाक मारायची ती त्यांच्याच बोलीत, "बर्री, ऊटा माड्री!" म्हणजे या, जेवा. तिचं कानडी एवढंच होतं, शिवाय शंभरापर्यंतचे आकडे. बाजाराला आणि जेवणाला पुरेसं.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या पौष-माघात आमच्या चिंचेखाली मुक्काम करायच्या, खानापूरच्या आतल्या गावांतल्या. त्यांना मात्र ती शिजवून काही देत नसे. "त्यांचं त्यास्नी असतंय. शिदोरी घेऊन निघालेत." त्यांना जळण, पाणी आणि बैलांना पिंजार. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पुढं सौंदत्तीच्या अंगानं जाते. आज्जीचं म्हणणं असं, की नदी जाते तिकडंच ही माणसं निघालीत, वाटेत आपण निदान पाणी विचारावं. परतताना त्या गाड्यांतल्या बायका भंडाऱ्याची पुडी देऊन जात. आमच्या देव्हाऱ्यात अशा पंधरा-वीस पुड्या साठलेल्या असत आणि आज्जी त्यांतला भंडारा कधीमधी आमटीत घालायची. हळदच ती.

१९८६ चा जून मला आठवतो, मी चौथीतून पाचवीत गेलो होतो. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला स्मारक आहे, बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या गावात पोलीस येऊन बसले. काका मिरवणुकीत होता, म्हणून त्याला रातोरात चंदगडला मावशीकडं पाठवलं होतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आणि आमच्याच कट्ट्यावर, चिंचेच्या सावलीला, एक पोलीस सकाळपासून बसलेला. विशी-बाविशीचा असेल. काठी मांडीवर आडवी.

दुपारी आज्जीनं ताटात दोन भाकऱ्या, झुणका आणि कांदा ठेवला, ताकाचा तांब्या भरला आणि मला म्हणाली, "जा, देऊन ये त्याला." आईनं तोंडावर पदर घेतला. शेजारचे एक अण्णा खिडकीतून ओरडले, "आज्जी, आपल्या पोरांना हुडकालेत ते, आणि तुम्ही भाकरी देता?" आज्जी खिडकीकडं न बघता म्हणाली, "उपाशी माणूस काठी जोरात हाणतंय." आणि मला, "तांब्या परत घेऊन ये. ठेवून येशील तिथंच."

मी गेलो. त्यानं ताट घेतलं, कानडीत काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. तो जेवेपर्यंत मी तांब्यासाठी तिथंच उभा राहिलो. त्याची काठी कट्ट्याला टेकवलेली होती आणि मी सगळा वेळ त्या काठीकडंच बघत होतो. बाकी काही घडलं नाही. त्यानं काकाला सोडून दिलं, मराठी शिकला, पुढं घरी आला, असलं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा आला. आज्जीनं त्यालाही दिलं. अण्णा आमच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत.

आता तिच्याविरुद्धची माझी एक तक्रार. अजून आहे.

मी सातवीत असताना वडिलांनी मला निळा स्वेटर आणला. वडील उद्यमबागेत फौंड्रीत होते, दिवाळीच्या बोनसातून आणला. बेळगावची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या स्वेटरचं मोल कळेल. आठच दिवस घातला. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं, खडी फोडायला आलेल्या एका बाईचं पोर माझ्याएवढंच. शाळेतून घरी आलो तर खुंटीवर स्वेटर नाही. आज्जी म्हणाली, "दिला. तुला दुसरा येतंय." दुसरा आला नाही. येणार कुठून? सगळा हिवाळा मी वडिलांच्या जुन्या शर्टावर शर्ट घालून काढला आणि रोज शाळेला जाताना तो स्वेटर खडीच्या ढिगावर बसलेला बघायचो. त्या पोराला तो माझ्यापेक्षा नीट बसत होता, याचा जास्त राग.

दुसऱ्याची वस्तू देऊन टाकण्यात कसला आला दानशूरपणा? हे मी तिला तोंडावर विचारलं नाही, पण आजही माझं मत तेच आहे. त्या रात्रीपासून तिची वाकळ माझ्या अंगावर यायला लागली, तिच्या जुन्या शहापुरी लुगड्यांची शिवलेली, जड. तिनं स्वतः काय पांघरलं ते मी त्या वेळी बघितलं नाही. बारा वर्षांच्या पोराला एवढं सुचत नाही, आणि सुचलं असतं तरी रागात मी बघितलं नसतं.

आणि आई. १९७४ साली ती या घरात आली. सुगीच्या दिवसांत एका वेळेला चाळीस भाकऱ्या. काटवटीत पीठ मळायचं, थापायचं, धुरात डोळे चोळायचे. ज्यांना आज्जीच्या हातची भाकरी आठवते त्यांना हेही सांगायला पाहिजे, की ती आईच्या हातची होती. आज्जीला भाकरी नीट थापता येत नव्हती, कडेला फाटायची. आई कधी चिडली तर एवढंच म्हणायची, "वाढायला त्या, थापायला मी." आज्जी ऐकून घ्यायची, कारण उत्तर नव्हतं.

एकदाच मोठं भांडण झालं. सगळ्यांची जेवणं उरकून तीन-साडेतीनला सासू-सुना दोघी एकत्र बसायच्या, उरलेलं वाटून खायच्या. एक दिवस एकच भाकरी उरली होती आणि दारात गोसावी आला. आज्जीनं ती उचलून दिली. स्वतःचीच असती तर गोष्ट वेगळी, पण अर्धी आईची होती, आणि माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. आई बोलली नाही. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी पहाटे उठून बघते तर आज्जी चुलीपाशी, पिठात कोपरापर्यंत हात, आणि परातीत सात-आठ फाटक्या भाकऱ्या. वडील जेवताना हसले. आई हसली नाही, पण बोलायला लागली. त्या दिवसापासून पीठ मळलं की पहिली भाकरी आईची, फडक्यात गुंडाळून फळीवर. गोसावी येवो नाहीतर जावई, त्या फडक्याला आज्जीनं पुन्हा हात लावला नाही.

स्वतःचं विचाराल तर ताकात कुस्करलेला तुकडा आणि भाजलेली मिरची. "माझं पोट बारकं हाय," म्हणायची. पोट बारकं नव्हतं. यात्रेच्या पडल्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या, भरायच्या दिवशी कुणाच्या घरी जेवायला बसली की पाच-पाच पुरणपोळ्या सहज खायची आणि तूप मागून घ्यायची. तिथं तिला मोजायचं नसायचं.

२०११ च्या मार्गशीर्षात गेली. सत्त्याऐंशीच्या आसपास असेल. खळ्यावर रास पडलेली होती. तेराव्याला पाचशे माणूस जेवलं, तांदूळ गावानं आणून दिला, आणि तो कुणी किती दिला ते मोजायला घरात कोणी उरलं नव्हतं.

दिवस उरकल्यावर आईनं कोनाडा साफ करायला घेतला. सात चिंचोके होते. आम्हाला गल्लीचा क्रम ठाऊक होता, त्यामुळे घरं कळली. आईनं कुणाला काही सांगितलं नाही, पण आठवड्याभरात दोघी आपणहून तांदूळ घेऊन आल्या. आईनं त्यांचे तीन चिंचोके काढले. दोन ज्या घराचे होते ते घर कुलूप लावून गोव्याला गेलेलं. राहिले दोन, आणि ते पलीकडच्या काकूंचे.

काकू आता सत्तरीच्या. त्यांनी म्हणे कधीच फेडले होते. "तुझ्या सासूला शेवटी शेवटी इसर पडत हुता," म्हणाल्या. आई म्हणाली, "त्यास्नी माझं नाव इसरलं हुतं काकू, चिंचोका न्हाई." मोठ्यानं झालं. आज्जी गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्यानं बोललं, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

चार दिवसांनी काकू आल्या. बुट्टीत तांदूळ. आईनं मापटं पुढं केलं. काकूंनी स्वतःच्या हातानं दोन्ही मापटी भरली, मुद्दाम शीग चढवून, दाणे सांडतील अशी. "घे. तुझ्या सासूच्या चिंचोक्यांला."

आईनं मापट्यावरून तळहात फिरवला. वरचा ढीग काकूंच्या बुट्टीत परत ढकलला. दुसऱ्यावरचाही. "उसनं सपाट असतंय," म्हणाली, आणि कोनाड्यातून दोन चिंचोके काढून अंगणात भिरकावले.

मग म्हणाली, "बसा की, च्या टाकते." डबा उघडला तर साखर संपलेली. ती आणायला मला काकूंच्याच घरी पाठवलं. एक वाटी, सपाट.